हाताला चाळा : वर्गातल्या बिनआवाजी खेळण्यांची गोष्ट

‘डॉक्टर, वर्गात नेता येईल असं, आवाज न करणारं फिजेट टॉय कुठलं घ्यावं?’ हा प्रश्न दहा-बारा वर्षांपूर्वी मला कोणी विचारत नव्हतं. आता ताप-खोकल्यासाठी आलेले पालकही जाता जाता विचारतात आणि मोबाइलवर चित्रं दाखवतात. रबरी बुडबुड्यांचा तक्ता, सहा बाजूंना बटणं असलेला ठोकळा, तीन पाकळ्यांची भिंगरी, पिळता येणारी प्लास्टिकची साखळी. प्रत्येकाच्या खाली ‘एकाग्रता वाढवते’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं. कुठलं घ्यावं ते सांगतोच, पण त्याआधी ही खेळणी वर्गात आली कशी, ती येण्यापूर्वी चुळबुळ्या मुलांचं शाळेत काय होत असे आणि आम्ही डॉक्टर मंडळींनी त्यात काय भर घातली, हे पाहायला हवं. निवडीचे निकष त्या इतिहासातच सापडतात.

मराठीत या गोष्टीला नेमका शब्द आहे : चाळा. ‘याच्या हाताला सतत काहीतरी चाळा लागतो’ हे वाक्य प्रत्येक घरात कोणाबद्दल तरी म्हटलं जातं. आणि जरा आठवून पाहा, मोठ्या माणसांच्या चाळ्यांना आपण किती सहज जागा करून दिली होती! देवळात प्रवचन चालू असताना आज्या वाती वळत बसायच्या. नजर प्रवचनकारांकडे, बोटं कापसात. त्यांचं लक्ष नाही असं कोणी म्हणत नसे. जपमाळ ओढणाऱ्याचा हात तर गोमुखीत असतो. मणी दिसत नाहीत, वाजत नाहीत, फक्त बोटांना कळतात. उलट आजोबांचा अडकित्ता मात्र कटकट वाजायचा आणि त्यावरून घरात कुरबुरही व्हायची. वाती, गोमुखी आणि अडकित्ता ही तीन चित्रं डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

मुलांच्या वाट्याला असा चाळा कायदेशीरपणे फारसा आलाच नाही. निदान शाळेत तरी नाही.

एका गुरुजींनी दहा-वीस मुलांना ओसरीवर बसवून शिकवायचं, या जुन्या पद्धतीत मुलं धुळाक्षरं गिरवत. पाटीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. हात अभ्यासातच गुंतलेला. मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी १७८९ नंतरच्या काळात इथल्या मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं आणि ती पद्धत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, ही पद्धतही त्यांनी तिथे रुजवली. बेल यांचा अहवाल १७९७ मध्ये लंडनला छापला गेला आणि मद्रासची ही पद्धत इंग्लंडभर पसरली. तिथे जोसेफ लँकेस्टर यांनी तशाच धर्तीवर एकेका मोठ्या दालनात शेकडो मुलं बसवायला सुरुवात केली. एक शिक्षक आणि शेकडो मुलं म्हटल्यावर शांतता ही शिक्षणाची पहिली अट झाली. लँकेस्टर छड्या मारण्याच्या विरोधात होते, पण बडबड करणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवणं किंवा मुलाला टोपलीत घालून छताला टांगणं त्यांना चालत असे. वाळूतली अक्षरं इथून तिथे गेली आणि तिथून परत आली ती बाकांच्या रांगा आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ घेऊन. हा माझा थोडा तिरकस हिशेब झाला, पण फार चुकीचा नसावा.

डॉक्टरांचा या विषयात प्रवेश तसा जुना आहे. स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ साली मनोविकारांवरच्या ग्रंथात ‘अवधान’ या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिलं. काही माणसांचं लक्ष कुठेच टिकत नाही, कुत्र्याचं भुंकणंही त्यांना हलवून सोडतं आणि हे लोक स्वतःच्या या अवस्थेला ‘फिजेट्स’ म्हणतात, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे आज खेळण्याच्या खोक्यावर छापलेला शब्द वैद्यकाच्या पुस्तकात सव्वादोनशे वर्षांपूर्वीच आलेला आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी मनासारखं पुस्तक मिळेना म्हणून कोरी वही आणून स्वतःच चित्रं आणि पद्यकथा रचल्या. पुढे छापल्या गेलेल्या त्या पुस्तकात लवकरच एका चुळबुळ्या फिलिपची भर पडली. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची मागेपुढे डोलवणारा हा मुलगा शेवटी टेबलक्लॉथ, ताटं, वाडगे सगळं अंगावर घेऊन पडतो. आजचे अनेक लेखक फिलिपला ‘एडीएचडीचं पहिलं वर्णन’ म्हणतात. मला ते जरा ओढूनताणून आणलेलं वाटतं. खुर्ची डोलवणारं मूल कोणत्या घरात नसतं?

जर्मनीतच, लाइपझिगमध्ये, मोरिट्झ श्रेबर नावाचे डॉक्टर होते. मुलांची पाठ सरळ राहावी म्हणून त्यांनी एक लोखंडी साधन तयार केलं. ते मेजाला बसवायचं, म्हणजे त्याचा आडवा दांडा मुलाच्या छातीसमोर येतो आणि त्याला पुढे वाकताच येत नाही. ही माणसं क्रूर होती असं नाही. वाकून बसल्याने पाठ आणि डोळे बिघडतात या काळजीपोटी ती हे करत होती. पण एकोणिसाव्या शतकातला शाळेचा बाक, एकमेकांना जोडलेला आणि बहुतेक वेळा जमिनीला स्क्रूने पक्का केलेला, हा अशा काळजीतून आणि शिस्तीच्या हौसेतून घडलेला आहे. शिक्षण घेण्यासाठी शरीर आधी थांबलं पाहिजे, हे गृहीतक त्या लाकडात कोरलं गेलं.

या गृहीतकाला पहिला शास्त्रीय टोला एका वेगळ्याच माणसाने मारला, तोही गमतीगमतीत. फ्रान्सिस गाल्टन हे नाव वंशशुद्धीच्या विचारामुळे आज चांगलंच बदनाम आहे आणि ते योग्यच आहे. पण दिसेल ती गोष्ट मोजण्याचं त्यांना वेड होतं. एका कंटाळवाण्या सभेत व्यासपीठावर मागे बसून त्यांनी श्रोत्यांची चुळबुळ मोजली. १८८५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यावर त्यांचं छोटंसं टिपण आलं. सुमारे पन्नास माणसांच्या गटात मिनिटाला साधारण पंचेचाळीस हालचाली, म्हणजे माणशी मिनिटाला जवळपास एक. भाषणात रंग भरला की हा आकडा निम्म्याहून खाली येई. घड्याळ काढलं तर लोकांचं लक्ष जातं म्हणून गाल्टन स्वतःच्या श्वासांवर वेळ मोजत. मिनिटाला पंधरा श्वास, आणि ते श्वास मनात मोजायचे नाहीत, तर एकेक बोट दाबत जायचं. मन चुळबुळ मोजायला मोकळं राहायला हवं ना! दुसऱ्यांचे चाळे मोजणाऱ्या या गृहस्थांची स्वतःची बोटं एक बिनआवाजी चाळाच करत होती, आणि त्यामुळे त्यांचं काम बिघडत नव्हतं, उलट होत होतं. मुलांवर असले प्रयोग करू नयेत, कारण ती क्वचितच स्थिर बसतात, असंही त्यांनी पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे.

याच सुमारास मुलांच्या बाजूने बोलणारं कोणी पुढे आलं असेल तर मारिया माँटेसरी. त्याही डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. जखडलेल्या बाकांवरच्या मुलांना त्यांनी टाचणीने टोचून ठेवलेल्या फुलपाखरांची उपमा दिली आणि आपल्या वर्गातून ते बाक काढूनच टाकले. हलक्या खुर्च्या, चटया आणि हाताळायला वस्तू आणल्या : खरखरीत कागदाची अक्षरं, लाकडी दट्टे, मणी. त्यांच्या वर्गात हाताची हालचाल हाच अभ्यास होता. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्याआधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्या मातीत लावायला घेतली होती. ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करताना महागड्या विदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं वापरली. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. हाताला काम दिलं की मूल थांबतं, हे कोसबाडच्या टेकडीवर कोणत्याही खोक्यावर न छापता सिद्ध झालेलं होतं. पण ते बालवाडीपुरतंच राहिलं. पहिलीत गेलं की पुन्हा बाक. हातांसाठी उरली ती मण्यांची तार लावलेली पाटी. बाई फळ्याकडे वळल्या की ते मणी सरकवण्यात काय सुख होतं, हे माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. मणी वाजायचे, हीच काय ती अडचण.

इकडे वैद्यकाने दुसरी वाट धरली होती. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण स्वतःवर ताबा नाही, अशा मुलांचं त्यांनी वर्णन केलं आणि त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. ‘नैतिक’ हा शब्द आज टोचतो. तरी हे मूल मुद्दाम करत नाही, त्याच्या शरीरातच काही वेगळं आहे, हा विचार त्यांनी मांडला, तो महत्त्वाचा. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या एका बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखीवर उतारा म्हणून मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक दिलं. डोकेदुखीचं राहिलं बाजूला, तीसपैकी निम्म्या मुलांचा अभ्यास एकदम सुधारला. स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीतले रसायनतज्ज्ञ लेआंद्रो पानिझोन यांनी १९४४ मध्ये मिथिलफेनिडेट बनवलं आणि आपल्या पत्नीच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून त्याचं रिटालिन झालं. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तकात १९६८ ला ‘अतिचंचलता’, १९८० ला ‘अवधान-दोष’ आणि १९८७ ला आजचं ‘एडीएचडी’ हे नाव आलं. १९८७ च्या त्या लक्षण-यादीत पहिलंच लक्षण होतं हातापायांची चुळबुळ. चाळा आता खोडी राहिला नाही, लक्षण झाला. खोडीला शिक्षा होती, लक्षणाला औषध.

इथे जरा थांबतो, कारण याच टप्प्यावर माझ्यासारख्या जनरल फिजिशियनचं खरं काम असतं. चुळबुळ म्हणजे एडीएचडी नव्हे. मागे नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या आईने आणलं होतं. तक्रार अशी, की महिनाभरात अक्षर बिघडलं, हातातून कप पडतात, वर्गात स्वस्थ बसत नाही आणि तोंड वेडंवाकडं करते म्हणून बोलणी बसतात. आईने हाताला काम म्हणून स्मायलीचा चेंडू घेऊन दिला होता. तिला माझी दोन बोटं घट्ट धरायला सांगितली. पकड क्षणात आवळे, क्षणात सैल होई, गाईची धार काढताना होते तशी. जीभ बाहेर काढली की टिकत नसे, सुळकन आत. हा सिडनहॅम कोरिया. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या संधिवाती तापाचं एक रूप. सतराव्या शतकात इंग्रज डॉक्टर थॉमस सिडनहॅम यांनी त्याचं वर्णन केलं. जुन्या काळी अशा कितीतरी मुलांना निदान होण्याआधी भरपूर मार बसलेला असे. तिच्या हृदयाच्या झडपेतही थोडा बिघाड निघाला. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, ती अनेक वर्षं चालतील. चेंडूने तिचं काय होणार होतं? म्हणून सांगतो, चुळबुळ अचानक सुरू झाली असेल, झोपेत थांबत असेल पण जागेपणी हातापायांना झटके येत असतील, हातातून वस्तू पडत असतील, तर खेळण्याच्या दुकानात न जाता डॉक्टरकडे जा. लोहाची कमतरता, रात्री पायांना बेचैनी, अपुरी झोप, जंत, कमी ऐकू येणं, चष्म्याची गरज, या साध्या कारणांनीही मूल वर्गात वळवळतं. ती आधी तपासायची.

आता खेळण्यांकडे. त्यांचा उगम कुठल्याही शिक्षणशास्त्रात नाही. तो योगायोगात आणि बाजारात आहे. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई होती. १९४३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधले जेम्स राइट कृत्रिम रबराच्या शोधात सिलिकॉन तेल आणि बोरिक आम्ल एकत्र करून बसले आणि हाती आला एक लवचीक, ताणता येणारा, उसळणारा गोळा. रबर म्हणून निरुपयोगी. १९५० मध्ये तो प्लास्टिकच्या अंड्यात घालून ‘सिली पटी’ या नावाने विकला गेला. १९६८ साली अपोलो ८ चे अंतराळवीर तो सोबत घेऊन गेले, कंटाळ्यावर उतारा म्हणून आणि हत्यारं तरंगू नयेत म्हणून चिकटवायलाही. हाताच्या शस्त्रक्रियेनंतर बोटांचे व्यायाम करायला फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट तशाच प्रकारचा पटीचा गोळा देतात. माझ्या मते वर्गातल्या चाळ्यांमधला हा सर्वांत गुणी. न वाजणारा, न घरंगळणारा, मुठीत मावणारा.

त्या बुडबुड्यांच्या तक्त्याची कथा मात्र वेगळी आहे. इस्रायलमधलं थिओ आणि ओरा कोस्टर हे जोडपं खेळांची रचना करायचं. थिओ हे शाळेत अ‍ॅन फ्रँकचे वर्गमित्र होते. १९७५ मध्ये ओराबाईंची बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्यानंतर त्यांना स्वप्न पडलं, की दाबता येतील अशा स्तनांचा गालिचाच पसरला आहे. त्यातून पुढे हा खेळ जन्मला. तो मुळात दोन माणसांनी खेळायचा होता, शेवटचा बुडबुडा दाबणारा हरला. २०२१ च्या आसपास समाजमाध्यमांतून तो ‘पॉप इट’ म्हणून घराघरांत गेला. दुःखातून आलेली ही वस्तू मला प्रिय आहे. पण तिचं नावच तिच्या आवाजावरून पडलेलं आहे! एकाने दाबला तर पुट्ट, चाळीस जणांच्या वर्गात दहा जणांनी दाबला तर तव्यावर मोहरी तडतडावी तसं. शाळेत नको.

चाळ्याला थेरपीची प्रतिष्ठा दिली ती जीन एअर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टने. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी मांडलं, की काही मुलांचा मेंदू स्पर्श, तोल, सांध्यांचा ताण या संवेदना नीट एकत्र गुंफू शकत नाही, आणि नेमक्या संवेदना पुरवल्या तर शिकणं सुधारतं. त्यांच्या सिद्धांतावर आजही वाद आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ मध्ये अशा उपचारांबाबत सावध पवित्रा घेतला. पण विशेष मुलांच्या वर्गांत दाबायचे चेंडू, खरखरीत पट्ट्या, वजनदार पांघरुणं आली ती या परंपरेतून. तिथे ती एकेका मुलाला पाहून, तज्ज्ञाच्या नजरेखाली दिली जात.

मग बाजार आला. अमेरिकेत स्कॉट मॅकॉस्करी नावाचा गृहस्थ लांबलचक मीटिंगांमध्ये पेनची कळ खटखट दाबायचा. ती सवय मोडावी म्हणून २०१४ मध्ये त्याने धातूची फिरणारी पट्टी बनवली. फ्लोरिडाच्या कॅथरीन हेटिंगर यांनी फिरणाऱ्या एका खेळण्याचं पेटंट १९९७ मध्ये मिळवलं होतं, पण २००५ मध्ये नूतनीकरणाचे चारशे डॉलर जवळ नव्हते म्हणून ते सोडून दिलं. भिंगरीच्या जनक म्हणून त्यांचं नाव वर्तमानपत्रांनी गाजवलं, जरी त्यांची रचना वेगळीच होती. २०१६ मध्ये मॅकलॅक्लन बंधूंनी सहा बाजूंचा फिजेट क्यूब बनवायला लोकांकडून १५ हजार डॉलर मागितले आणि जमले ६४ लाखांहून जास्त. २०१७ च्या वसंतात तीन पाकळ्यांची स्पिनर भिंगरी जगभर पसरली. त्याच वर्षी ती आपल्याकडेही आली, अगदी सिग्नलवर विकायला. काही आठवड्यांत अमेरिका आणि इंग्लंडमधल्या अनेक शाळांनी तिच्यावर बंदी घातली. एडीएचडी, स्वमग्नता, चिंता या सगळ्यांवर उपाय असं तिच्या खोक्यांवर लिहिलेलं होतं. त्याच वर्षी बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात आलेल्या आढाव्याने स्पष्ट सांगितलं, की या दाव्यांमागे पुरावा नाही.

पुरावा नंतर आला, आणि तो विरोधात गेला. फ्लोरिडातल्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या ६० लहान मुलांच्या वर्गात भिंगरी दिली. सुरुवातीला हालचाल थोडी कमी झाली, पण लक्ष कमी झालं ते कमीच राहिलं. कॅलिफोर्नियात सोआरेस आणि स्टॉर्म यांनी विद्यार्थ्यांना व्हिडिओवर व्याख्यान दाखवलं. हातात भिंगरी असताना ऐकलेलं कमी आठवलं.

मग सगळेच चाळे वाईट का? नाही, आणि इथेच गंमत आहे. इंग्लंडच्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना टेलिफोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकताना कागदावरच्या आकृत्या पेन्सिलीने रंगवायला सांगितल्या. त्यांना २९ टक्के जास्त आठवलं. सहावीच्या एका वर्गात दाबायचे चेंडू दिल्यावर लक्ष विचलित होण्याचं प्रमाण घटलं, असा २००६ चा एक छोटा अभ्यास आहे. आणि २०१५ मध्ये अमेरिकेत ८ ते १२ वयाच्या मुलग्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की एडीएचडी असलेली मुलं जितकी जास्त हलली, तितकी त्यांची तात्पुरती स्मृती चांगली चालली. एडीएचडी नसलेल्या मुलांत नेमकं उलटं. म्हणजे काही मुलांसाठी हालचाल हा मेंदूला जागं ठेवण्याचा मार्ग असावा. हे अभ्यास लहान आहेत, त्यांवर इमले बांधू नयेत. पण भिंगरी आणि चेंडू यांतला फरक मात्र ढळढळीत आहे. भिंगरीला डोळे लागतात. ती फिरवून बघायची वस्तू आहे. चेंडूला फक्त तळहात लागतो. वाती वळणाऱ्या आजीचे डोळे मोकळे होते, कानही मोकळे होते.

तेव्हा घ्यायचं झालं तर असं घ्या, की जे न बघता वापरता येईल. दुकानात डोळे मिटून हातात धरून पाहा. मग कानाशी नेऊन दाबा. घरातल्या टीव्हीच्या गोंगाटात जे ऐकू येत नाही ते परीक्षेच्या वर्गात चांगलंच ऐकू येतं. फिजेट क्यूबची काही बटणं मुद्दाम वाजणारी असतात, काही मुकी, हे घेण्याआधी दाबून बघा. त्यावर दिवे, चेहरे, चमक नको. पलीकडच्या बाकावरच्याने मागितलं की ते खेळणं झालं. हातून पडलं तर घरंगळू नये. खरं सांगायचं तर महागातलं काही लागतच नाही. बाकाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली वेल्क्रोची पट्टी, खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना बांधलेलं रुंद इलॅस्टिक (पाय त्यावर निवांत रेटता येतात), केसांचं जाड रबर मनगटात, कापडाच्या दोन थरांत शिवून टाकलेली एक गोटी, खिशातला नदीचा गुळगुळीत गोटा. हा शेवटचा अर्थात फेकाफेक न करणाऱ्या मुलालाच. गोटी शिवलेलं कापड म्हणजे आपली गोमुखीच की.

सुरक्षिततेचं मी जरा कडकपणे सांगतो. छोटे शक्तिशाली चुंबकगोळे घरातही नकोत. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन वळ्या मध्ये पकडून ते भोक पाडतात. दिवे लागणाऱ्या भिंगरीतली बटणासारखी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत भाजल्यासारखी जखम करू शकते. पाण्यात फुगणारे जेलचे मणी भरलेले पारदर्शक चेंडू फुटतात आणि ते मणी धाकट्या भावंडाच्या पोटात जाऊन फुगतात. फुग्यात पीठ भरून घरी केलेला चेंडू छान असतो, पण फाटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या श्वासनलिकेत जाऊ शकतो. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहून घ्या.

आणि आणल्यावर वर्गशिक्षकांना आधी भेटा. दप्तरातून गुपचूप पाठवलेली वस्तू दुसऱ्याच तासाला जप्त होते आणि मुलाच्या खात्यावर आणखी एक बोलणं जमा होतं. बाईंना सांगा, दोन आठवडे बघू. ती वस्तू एकाच मुलाला, एकाच तासाला, टेबलाखाली. हवेत उडाली, दुसऱ्याला दिली किंवा तिच्याकडे बघत बसला, तर त्या दिवसापुरती कपाटात. आणि गाल्टनसारखं मोजा. पहिल्या आठवड्यात चाळा न देता, दुसऱ्या आठवड्यात देऊन, त्याच विषयाच्या तासाला किती वेळा जागेवरून उठला आणि वहीत किती गणितं पुरी झाली, एवढ्या दोन गोष्टी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून नोंदवायच्या. उठणं कमी झालं, पण गणितंही कमी झाली, तर ती वस्तू घरी न्या, कारण फ्लोरिडातल्या भिंगरीने नेमकं तेच केलं होतं. गणितं वाढली तर उठण्याकडे फारसं लक्ष देऊ नका. काहीच फरक नसेल, तर ते रेघांचं पान घेऊन मुलासह डॉक्टरकडे या. औषधाची, थेरपीची किंवा नुसत्या रक्ततपासणीची गरज आहे का, हे ठरवताना त्या पानाचा मला खोक्यावरच्या मजकुरापेक्षा जास्त उपयोग होतो.